पबला हो म्हणा, दारूला नाही म्हणा

प्रश्न: इंग्लंडमध्ये लीड्सला येऊन आम्हाला आठ महिने झाले. नवरा शुक्रवारी ऑफिसातल्यांबरोबर पबमध्ये जातो, बिअर घेतो. मी घेत नाही, म्हणून माझ्या ऑफिसातल्यांना दर वेळी नाही म्हणते. पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई येताहेत. त्यांच्यापासून लपवावं का?

उत्तर: ताई, आधी तुमचं. तुम्ही जा. इथे पबमध्ये बहुतेक ठिकाणी वेटर टेबलाशी येत नाही. एकजण उठतो, सगळ्यांना काय हवं ते विचारतो आणि काउंटरवर पैसे देऊन घेऊन येतो. मग पुढच्याची पाळी. हाच राऊंड. तुमच्या ग्लासात काय आहे हे कुणी बघत नाही, पण पाळी न घेता निघून गेलेलं माणूस लक्षात राहतं. नवीन असताना मी दोन शुक्रवार दुसऱ्यांनी आणलेलं प्यायले आणि बस गाठायला पळाले. तिसऱ्या शुक्रवारी मला कुणी विचारलंच नाही. फार लागलं मनाला. त्यामागचं कारण पुढे शेजारच्या बाईंनी समजावलं. तेव्हापासून पहिला राऊंड माझा. स्वतःला लाइम-सोडा आणते, तासभर बसते, निरोप घेऊन निघते. कुणाची आई आजारी आहे, कुणाला नोकरी सोडायची आहे, हे सगळं मला त्या टेबलावरच कळलं.

नवऱ्याची काळजी वेगळी. टेबलाला पाचजण असले की पाच राऊंड, म्हणजे प्रत्येकाचे पाइंटही (अर्ध्या लिटरहून थोडे मोठे ग्लास) पाच होतात. चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे 2.3 युनिट (पेयातला अल्कोहोल मोजायचं इथलं माप), आणि इथल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे आठवड्याला 14 च्या वर जाऊ नये. त्यांनी अर्धा पाइंट मागावा, एखादा राऊंड सोडावा, गाडी घरीच ठेवावी. थोडी घेतली तर तब्येतीला बरी, असं मात्र म्हणू नये. सुरक्षित असं प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जे मिळतं ते सोबतीतून मिळतं.

सासूबाईंपासून लपवू नका. आपल्याकडे कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. दारूपायी घरं बसलेली सासूबाईंनी पाहिली आहेत, त्यांची भीती खरी आहे. फ्रिजमधला कॅन कपड्यांमागे सापडला, तर ती भीती दुप्पट होईल. त्या येण्याआधी मुलाने स्वतः फोनवर सांगावं, तुम्ही नाही. मग एका रविवारी दुपारी त्यांना पबमध्ये जेवायला न्या. आजी-आजोबा, नातवंडं, टेबलाखाली झोपलेलं कुत्रं, सगळं त्यांना बघू दे. चहाही मिळतो बऱ्याच ठिकाणी. टेबल मात्र आधी सांगून ठेवा, रविवारी जागा मिळत नाही.