रजा चार दिवसांची, सुट्टी महिन्याची

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलांना अख्खा मे महिना मोकळा, तुला मात्र चारच दिवस रजा, त्यात आई-बाबा गावाहून पुण्याला राहायला आलेत. अशात कर्ज काढून सगळ्यांना मनालीला न्यावं का, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर यंदा नको. चारातले दोन दिवस प्रवासात जातील, आईचे गुडघे बोलायला लागतील आणि घरी परतलात तरी मुलांचे तीन आठवडे उरलेलेच असतील. सुट्टी महिन्याची आहे, तेव्हा बेतही महिन्याचा आख. तुला मिळणारा वेळ ऑफिसच्या आधीचा आणि नंतरचा. पुण्याच्या उन्हात बाहेर पडावंसं वाटतं तेही तेव्हाच.

सकाळी सहाला मुलांना उठवून पर्वतीवर ने. शंभराच्या वर थोड्याच पायऱ्या आहेत, धाकटीही चढेल. वरून शहर दाखव आणि आपलं घर कुठल्या बाजूला असेल ते त्यांनाच शोधायला लाव. आजी-आजोबांना संध्याकाळी सारसबागेत घेऊन जा. गणपतीचं दर्शन, हिरवळीवर तासभर बैठक आणि बाहेर भेळ, एवढं पुरे. एखाद्या रविवारी दुपारी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मृतीसाठी ते उभं केलं. तिथले अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी पाहताना तू पाट्या वाचून दाखवू नकोस. आईला बोलू दे. यातल्या कितीतरी वस्तू तिने स्वतः वापरल्या असतील, आणि नातवंडांना शिकवण्याची संधी तिला शहरात क्वचितच मिळते.

बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात म्हणून तू हळहळतोस. त्यांना वसंत व्याख्यानमालेला घेऊन जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही परंपरा, आजही एप्रिल-मेच्या संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात व्याख्यानं होतात. पत्रक आणून विषय त्यांनाच निवडू दे. मुलांना मात्र तिथे ओढत नेऊ नकोस. त्यांच्यासाठी बालनाट्य आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटिल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून मुलांसाठी वेगळं नाटक ही गोष्ट मराठी रंगभूमीवर रुजली. सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात, जाहिरातींवर नजर ठेव. पुढच्या रांगांची तिकिटं काढ. चेटकीण समोरून चालत गेली पाहिजे, पडद्यावर दिसून भागत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावली असते. सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. हे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रदेशातच घडतं, म्हणजे दिल्लीच्या मुलांना ते कधीच दिसत नाही. महाराष्ट्रात ते दक्षिणेकडून वर सरकत येतं: कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईला पंधरा-सोळाला, नागपूरला सव्वीसच्या आसपास. जुलैअखेरीस पुण्याला दुसरी संधी येते, पण तेव्हा ढग असतात. सव्वाबारालाच गच्चीवर सपाट जागी एक सरळ उभा डबा ठेव. दर पाच मिनिटांनी मुलांना सावलीच्या टोकाला खडूने खूण करू दे. साडेबाराच्या सुमारास सावली संपेल. सूर्याकडे थेट बघायचं नाही, डोक्याला टोपी, आणि खाली आल्यावर पन्ह्याचे पेले तयार हवेत. त्या दिवशी अर्धी रजा टाकलीस तरी मी तुला शहाणा म्हणेन. रात्री त्याच गच्चीवर चटया टाका. उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे वाढवत नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. स्वाती आणि चित्रा आईला पंचांगातून ठाऊक असतील, आकाशात ती नक्षत्रं मुलांनी तिला दाखवावीत.

दुपारी काय, हे तू विचारलेलं नाहीस, पण दुपारच सगळ्यात लांब. शिबिरांचे पैसे भरून ती भरून काढायची घाई करू नकोस. एखादं पोहण्याचं शिबिर ठीक, उरलेल्या दुपारी मोकळ्या ठेव. "कंटाळा आला" असं मुलं म्हणाली तरी तासभर काही सुचवू नकोस. पत्त्यांचे दोन जोड मात्र घरात असू देत. धाकटीला बदामसात आणि झब्बू. थोरल्याला मेंढीकोट शिकव आणि त्याचा भिडू आजोबांना कर. चार दहिल्यांचा हा खेळ, आणि पालथा ठेवलेला बंद हुकूम कुठला, हे ओळखण्यात आजोबांचा हात कुणी धरणार नाही. भिडूचं पान मारलं की आजोबा रागावतील, मुलगाही रागावेल. तू मध्ये पडू नकोस. एका डावात दोघं एकमेकांना जेवढं ओळखतील, तेवढं तुझ्या सांगण्याने ओळखणार नाहीत.

रजेच्या दिवसांपैकी एक सिंहगडाला दे, आणि तो आठवड्याच्या मधला वार असू दे; रविवारी घाटात गाड्यांची रांग असते. थोरल्याला घेऊन आतकरवाडीतून पहाटे चढ, बाकीचे गाडीने वर येतील. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सगळ्यांनी मिळून खा.

दोन दिवस काजव्यांसाठी राखून ठेव. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात झाडंच्या झाडं लुकलुकतात. भंडारदऱ्याला जायचं तर अकोल्यापर्यंत, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यापर्यंत, एसटीने जा. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना तिकीट नाही. आईला आणि सूनबाईला अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. आधार कार्डं बरोबर घे. गावातल्याच घरी उतरा, तिथलंच जेवा, आणि गावातला वाटाड्या नेईल तेवढंच आत जा. काजव्यांचे नर प्रकाशाने मादीला बोलावतात. आपल्या विजेरीने, मोबाईलच्या उजेडाने ते बोलावणं बुडतं. तेव्हा फोन खोलीत ठेवायचे, झाड हलवायचं नाही, काजवे बाटलीत भरायचे नाहीत, हे मुलांना घरूनच सांगून ने. शनिवार-रविवार टाळ. पाऊस लवकर आला तर बेत हुकेल, म्हणून राहण्याच्या जागेची चौकशी याच आठवड्यात कर.

आईच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
काका