कोकणातले भूत लिहिताना

किशोरवयीन नायिका आणि तिच्यासमोर उभी ठाकलेली भुते, अशी कादंबरी तुम्ही कोकणात घडवणार असाल, तर शिंगे असलेला परका सैतान आधी बाजूला ठेवावा, कारण इथल्या प्रत्येक भुताला स्वतःची जागा आणि स्वतःचा नियम असतो. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्याजवळ माणसाला गाठतो, आणि देवचार तर मुळात शत्रूच नव्हे. तो वेस राखतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो, मात्र त्याचा मान द्यायचा राहिला की कोपतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री फिरून गावाची राखण करतो अशी श्रद्धा आहे. भुतांचा अधिपती मानला गेलेला वेताळ जिथे असा वेतोबा या रूपात देव म्हणून पुजला जातो, तिथे चांगल्या-वाइटाची सरळ लढाई लिहिणे मला तरी आळशीपणाचे वाटते.

नायिकेच्या हाती तलवार देण्याऐवजी तिला गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मागणे, घालायला लावावे. ते परंपरेने गावातील मानकरी घालतात, पंधरा वर्षांच्या मुलीला तो अधिकार नसतो; मग गावाच्या वतीने तिने काय कबूल करायचे आणि ते फेडायचे कोणी, या पेचात तुमचे खरे कथानक आहे. मालवणी संवादांपुरती ठेवावी. दहावीचा अभ्यास आणि मुंबईत नोकरीला असलेले वडील मात्र भुतांच्या गडबडीत विसरू नयेत, कारण मुंजा तिच्याशी बोलू लागतो तो ती घरात एकटी असते म्हणूनच.