सांगलीचा आयर्विन पूल : इतिहास काय आणि आता तो पाडावा का?

शेजारी समांतर पूल झाला, मग सांगलीचा जुना आयर्विन पूल आता पाडावा का, असं तुम्ही विचारलंत. म्हणजे जुन्याचं काम संपलं, असं तुम्ही प्रश्नातच धरून चाललाय. ते मला अजिबात मान्य नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा, सांगली संस्थानच्या काळातला. गादीवर चिंतामणराव पटवर्धन होते, उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं, म्हणून ते नाव. पूल झाला आणि सांगलवाडी, पुढे इस्लामपूर, पेठ नाक्याकडची वाट पावसाळ्यातही चालू राहिली.

पण आम्हा नदीकाठच्या गावभागातल्या लोकांना हा पूल म्हणजे पाण्याचं माप. पावसाळ्यात इथं कुणी पाऊस किती झाला विचारत नाही, "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर दिवसभर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची चर्चा चालली होती आणि पुण्याहून थोरल्या भावाचे फोनवर फोन, "घाई करू नका, पाणी उतरेल." वडिलांनी टीव्ही बंद केला. ते पुलाचे फूट विचारत राहिले, कोयनेतून किती सोडलंय ते बघत राहिले. काटा ४५ च्या पुढं गेल्यावर त्यांनी गॅसची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी, तांदळाचा डबा माडीवर चढवायला लावला आणि आईला मिरजेला मामाकडं धाडलं. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ ला ते ५३ च्या पुढं गेलं होतं, त्या खुणेच्या वर जिन्यात आता नवी रेघ आहे. भावाचं ऐकलं असतं तर आई वरच्या खोलीत अडकली असती.

तोच भाऊ आजही म्हणतो की कमानींमुळं पाणी तुंबतं, पूल काढला की पूर संपेल. अहो, पुलानं पाणी अडवलं असतं तर खालच्या अंगाला हरिपूर कोरडं राहायला हवं होतं. २०१९ ला तेही बुडालं, आणखी खाली शिरोळ तालुकाही बुडाला. खरं कारण हरिपुरातच दिसतं. तिथं वारणा कृष्णेला मिळते. चांदोली धरणाचं पाणी घेऊन वारणा दुथडी आली की कृष्णेला पुढं सरकायला जागा उरत नाही आणि फुगवटा मागं सांगलीत चढतो. खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगाही कृष्णेला येऊन मिळते. त्यात आपण शेरीनाल्याच्या आजूबाजूला आणि सखल भागात भराव टाकून प्लॉट पाडले. दादाचाही तसाच एक प्लॉट आहे, दरवर्षी त्यात पाणी येतं आणि दोष मात्र पुलाला. सांगलीत जागा घेणार असाल तर दलालाला आधी विचारा, आयर्विनला किती फूट झाले की इथं पाणी येतं? उत्तर द्यायला तो कां-कूं करू लागला की तिथून उठा.

एक मात्र खरं. पूल जवळजवळ शंभरीला आलाय आणि जड वाहनांचा हट्ट कुणी धरू नये. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुराच्या रात्री वाहनांसकट गेला, ते आपण विसरता कामा नये. म्हणून दर पुरानंतर पाण्याखालचा पाया तपासलाच पाहिजे, आणि तो निर्णय अभियंत्यांचा, माझा किंवा दादाचा नव्हे. पाया खचलेला निघाला तर वाहनं कायमची बंद करा, चालणाऱ्यांना जाऊ द्या. पाडण्याची भाषा मात्र ज्यांच्या घरात पाणी शिरत नाही त्यांनी करू नये.