देवाला 'तू', आजोबांना 'तुम्ही'

लाडक्या मनूस,

नाइट करून आले तेव्हा तू शाळेला गेली होतीस आणि फ्रिजवर तुझी चिठ्ठी होती, आंब्याच्या चुंबकाखाली. 'आई, आजोबांना तुम्ही नाही म्हटलं तर तू डोळे वटारतेस. मग देवाला तू कसं चालतं? देव आजोबांपेक्षा लहान आहे का? येशू खरंच भाकर खायचा? शाळेत ट्रेसपासेस म्हणतात आणि आपण ऋण, मग खरं कोणतं? वसईच्या मावशी मध्येच का थांबतात? आणि येशू देव आहे तर तो प्रार्थना कुणाला करत होता? उत्तर लिहून ठेव, तोपर्यंत झोपू नकोस.'

बरं बाई. चहा केलाय, बसले लिहायला. मराठीत लिहितेय, कारण हे सगळं मराठीतच अडलंय. अडखळलीस तर मोठ्यानं वाच, कानाला कळतं.

आधी रविवारचं, फोनवरच्या प्रार्थनेचं. इकडे इंग्लंडमध्ये दुपारचा दीड, तिकडे नगरला संध्याकाळचे सात. आजोबांनी नेहमीसारखी प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली, सुरू केली, आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो' इथे तू एकटीच 'तुमचे नाव' म्हणालीस. अगदी ठासून. मी डोळे मिटलेले नव्हते (हे आजोबांना सांगू नकोस), म्हणून मला दिसलं, की आजोबांनी एक डोळा उघडला, फोनकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसून परत मिटला.

तुझं व्याकरण बरोबर होतं. आपल्या घरात वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करतात. मी पप्पांना जन्मात कधी 'अरे' म्हटलं नाही. पण आजीला? 'अगं आई, ऐक ना.' आजीबद्दल आदर कमी आहे म्हणून नाही. आई इतकी जवळची, की मध्ये 'तुम्ही' ठेवायला जागाच राहत नाही. मराठीत 'तू' दोन ठिकाणी लागतो. एक जिथे माणसाला कमी लेखायचं असतं, आणि दुसरं जिथे काहीच लपवायचं नसतं. देव दुसऱ्या ठिकाणी आहे.

हे काही आपण ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे देवाला 'तू' म्हणायची वाट जुनी. जनाबाई विठ्ठलाला सरळ 'अरे विठ्या' म्हणायची, रागावली की आणखी बरंच काही. तुकारामांनी त्याच्याशी भांडणं केली, ती 'तू'मध्येच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली, ती आपण आजही टाळ-पेटीवर म्हणतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. तर त्या पुलावरून येताना हा 'तू' पण आला असणार, असं मला आपलं वाटतं. पाळकसाहेब कदाचित वेगळं सांगतील.

तुला गंमत सांगते. शाळेच्या असेंब्लीत तुम्ही 'हॅलोड बी दाय नेम' म्हणता, आणि 'दाय' हा शब्द तुला फार भारदस्त वाटतो, राजाराणीचा. तो मुळात इंग्रजीतला 'तुझे' आहे! पूर्वी इंग्रजीतही दोन शब्द होते, जवळच्याला 'दाउ' आणि मानाच्याला 'यू'. पुढे सगळेच एकमेकांना मान द्यायला लागले आणि 'दाउ' गळून पडला, राहिला तो प्रार्थनेत. म्हणून आता कानाला उलटा लागतो. आपल्याच लेस्टरशायरमधल्या फेनी ड्रेटन गावात १६२४ मध्ये जन्मलेला जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर पंथाचे लोक मोठमोठ्या साहेबांना, न्यायाधीशांनाही 'दाउ'च म्हणायचे, आणि साहेब भडकायचे. म्हणजे तुझ्या उलटं. तू देवाला 'तुम्ही' केलंस, त्यांनी कलेक्टरला 'अरे' केलं.

फ्रेंचच्या बाईंना विचार. फ्रेंच कॅथलिक लोक याच प्रार्थनेत देवाला 'वू' म्हणायचे, म्हणजे तुम्ही. १९६६ मध्ये ते बदलून 'त्यू' केलं. कितीतरी आज्यांना ते रुचलं नसेल. आणि ग्रीक नव्या करारात तर पहिल्यापासून एकवचनच आहे.

येशू स्वतः अरामी भाषेत देवाला 'अब्बा' म्हणायचा. मार्कच्या शुभवर्तमानात तो पकडला जाण्याच्या रात्री म्हणतो, 'अब्बा, बापा.' अब्बा म्हणजे लहान मुलाचं 'डॅडी', असं प्रवचनात हमखास ऐकशील. मलाही ते आवडायचं. पण भाषेचे जाणकार सांगतात की मोठी माणसंही आपल्या बापाला अब्बाच म्हणायची. तेव्हा 'डॅडी' नको, नुसता 'बाबा' पुरे.

इथेच तुझा शेवटचा, अवघड प्रश्न उरकते. येशू देव आहे तर तो प्रार्थना कुणाला करत होता? पित्याला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि देव एकच. 'त्रिएक' हा शब्द बायबलमध्ये नाही. बायबलमध्ये जे आहे ते नीट कसं म्हणायचं यावर पहिली तीनशे वर्षं लोक भांडले, ३२५ मध्ये निकियाला धर्मसभा भरवली, आणि नंतरही भांडले. पाणी-बर्फ-वाफ ही उपमा तुला संडेस्कूलमध्ये कुणीतरी देईल. ती चुकीची आहे, हं. एकच पाणी तीन रूपं घेतं, तसा एकच देव तीन सोंगं घेतो असा त्याचा अर्थ होतो, आणि मंडळीनं ते मत कधीच मोडीत काढलंय. शिवाय पकडला जाण्याच्या त्याच रात्री बागेत येशू बापाशी बोलतो, ते मग स्वतःशीच बोलणं होईल. माझ्याकडे याहून चांगली उपमा नाही. मी त्या बागेतली रात्रच वाचते. 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं म्हणणारा माणूस नाटक करत नसतो, एवढं मला वॉर्डातल्या पहाटे तीनला पटतं.

आता भाकर. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' येशू ज्वारीची भाकर खात नव्हता, गं. पण तुझ्या शाळेतल्या पांढऱ्या कापलेल्या ब्रेडपेक्षा आपली भाकर त्याच्या ताटातल्या अन्नाच्या जास्त जवळची आहे. तिथे गहू होता आणि जव होता. गरिबाघरी जव. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो मुलगा आहे ना, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवाला, त्याच्या भाकरी जवाच्या होत्या. हे योहानच तेवढं सांगतो, बाकीचे तिघे, मत्तय, मार्क आणि लूक, नुसतं 'भाकरी' म्हणतात. हातानं थापलेली, जाडसर, गोल. आजीनं पाहिली असती तर म्हणाली असती, कड जरा जाड राहिलीय.

आणि 'रोजची' हा शब्द दिसतो तेवढा सोपा नाही. त्या जागी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो सगळ्या नव्या करारात याच प्रार्थनेत येतो, दुसरीकडे कुठेच नाही. आजची, उद्याची, की पोटापुरती, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. संत जेरोमनं बायबलचं लॅटिन करताना मत्तयात एक शब्द घातला आणि लूकमध्ये दुसराच! आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, 'पोटाला कळतं.'

बाकी प्रार्थनेत आपण भाकर मागतो आणि प्रभूभोजनाला तबकात असतात पावाचे तुकडे. पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा, नाताळ पण त्यांचाच. लहानपणी मला वाटायचं, मागितली भाकर आणि मिळाला पाव, देवाच्या घरीपण संपत असेल.

आजोबांच्या काचेच्या कपाटात दोन बायबलं आहेत. त्यातलं जुनं, ज्याला तू हात लावलास की आजी ओरडते, ते पंडिता रमाबाईंचं. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून सगळं बायबल सोप्या मराठीत एकटीनं आणलं. काम संपत आलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १९२४ मध्ये ते निघालं, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून. तेव्हा पुढच्या वेळी हात धुऊन हात लाव.

आता माफी मागायच्या ओळीतले ऋण आणि ट्रेसपासेस, म्हणजे अपराध. तुला आठवतं, गेल्या उन्हाळ्यात चालायला गेलो होतो आणि एका शेताच्या फाटकावर पाटी होती, 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड'? तू विचारलंस, देवानं ज्यांना माफ करायचं ते हेच का, दुसऱ्याच्या शेतात घुसणारे? तिथे शेतकरी उभा होता म्हणून मी हसू दाबलं. खरं सांगायचं तर मत्तयाच्या त्या ओळीत शब्द 'ऋण'च आहे. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लूकमध्ये 'पापे' आहे. येशूच्या अरामीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा, त्यामुळे दोघंही बरोबर. 'ट्रेसपासेस' नव्या कराराचं इंग्रजी करणाऱ्या टिंडलनं १५२६ मध्ये घातलं, पुढे ते इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात बसलं आणि तोंडात राहिलं. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात मात्र 'डेट्स'च आहे, आणि स्कॉटलंडमध्ये चर्चला गेलीस तर तेच ऐकशील.

मला 'ऋण'च हवा. नगरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातल्या गावांत गेलं. माणसं फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते कर्जरोखे. घरातून ओढून काढले आणि चौकात जाळले. आपलं घराणं तर गावकुसाबाहेरचं, जमीन नावाला. आजोबांच्या आजोबांनी एका लग्नासाठी काढलेलं कर्ज पुढच्या पिढीवर आलं होतं. आजोबांचे वडील मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले आणि पहिल्या पगारातून तेच फेडायला लागले. तू विचारलंस की नाही मागे, आपण ख्रिस्ती का झालो म्हणून? त्याचं एक उत्तर नाही, पण त्या उत्तरात ही शाळा आहे, आणि पाटीवर लिहायला कुणी मना केलं नाही हेही आहे.

तर 'ऋणे सोड' म्हणजे काय? सातबारा कोरा कर. कर्जमाफी. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्या असा नियमच आहे. फक्त या प्रार्थनेत एक मेख आहे, 'जसे आम्ही'. सरकारनं आपलं माफ करावं आणि शेजाऱ्याकडचे उसने पन्नास रुपये आपण सोडू नयेत, असं इथे चालत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. एका चाकराला राजा दहा हजार तालांत माफ करतो आणि बाहेर पडल्यावर तो दुसऱ्याचा गळा धरतो, शंभर दिनारांसाठी. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. हिशेब तू कर, तुझं गणित बरं आहे. मी केला होता एकदा ब्रेकमध्ये, आणि मग वॉर्डातल्या ज्या सिस्टरशी दोन आठवडे बोलत नव्हते तिला चहा नेऊन दिला. तिला कारण कळलं नाही.

राहिल्या वसईच्या मावशी. त्या दिवशी त्यांच्याकडे जेवणाआधी सगळे 'वाइटापासून सोडव'पाशी आमेन म्हणून थांबले आणि तू एकटीच 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव' करत पुढे निघालीस. तुझे कान लाल झाले होते. चूक कुणाचीच नाही. मत्तयाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही. नंतरच्या प्रतींत आहे, आणि बऱ्याच छापील बायबलांत ती कंसात किंवा तळटीपेत असते. आपण प्रोटेस्टंट ती जोडून म्हणतो. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, फादर मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे तीच ओळ म्हणतात, म्हणजे मावशीही म्हणतात, जरा थांबून. त्यांचं बायबलही आपल्यापेक्षा जाड, ७३ पुस्तकांचं. आपलं ६६. त्या जादाच्या सात पुस्तकांचं नंतर कधीतरी, आता डोळे मिटायला लागलेत.

येत्या रविवारी 'तुझे' म्हण. 'तुमचे' म्हणालीस तरी आजोबा काही बोलणार नाहीत. पण आजोबांना स्वतःला 'तुम्ही'च, त्यात सूट नाही.

ओट्यावर फडक्यात दोन भाकरी आहेत. मेल्टन रोडच्या दुकानातल्या त्या पिठाची विरी गेलीय, उकड काढली तरी कडा फाटल्या, पापुद्रा आलाच नाही. आमटी गरम करून घे. मला चारच्या आधी उठवू नकोस.

तुझी,
आई