जळालेल्या अवशेषांची ओळख: नमुना निघाला एवढ्यावर थांबू नका, पोचला का ते विचारा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बहीण एकोणीस वर्षांची, हॉस्टेलवरून घरी यायला निघाली आणि पोचलीच नाही. मिसिंग तुमच्या ठाण्यात नोंदलेली आहे. आता शेजारच्या जिल्ह्यात जळालेला मृतदेह सापडलाय आणि तिथले पोलीस पैंजण दाखवून म्हणताहेत, "ओळखा, सही करा, घेऊन जा, डीएनएला फार वेळ लागतो." वडील म्हणतात ती आपली नाहीच, काका म्हणतात एकदाचं उरकून टाका.

काही वर्षांपूर्वी हेच आमच्या घरात चालू होतं. माझी भाची, इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी. म्हणून लिहितोय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. नव्या कायद्यांची कलमं खाली देतोय ती एकदा वकिलाकडून तपासून घ्या. मिसिंग नोंदवणं, फोटो देणं, मोबाईलचं लोकेशन मागणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

आधी सहीचं. पैंजणावर सही करू नका. एकाच घडणीचे पैंजण एकेका सराफाकडून शेकडो मुलींनी घेतलेले असतात. पंचनाम्यात किंवा जबाबात एवढंच लिहून द्या: "पैंजण आमच्या मुलीच्या पैंजणासारखे दिसते. मृतदेह तिचाच आहे असे आम्ही म्हणत नाही. डीएनए तपासणी व्हावी ही आमची मागणी आहे." हे वाक्य त्यांना आवडणार नाही, तरी आग्रह धरा. ओळख पटली म्हणून सही झाली आणि अंत्यसंस्कार झाले की दुसरं पोस्टमॉर्टेम नाही, दुसरा नमुना नाही. ती तुमची बहीण नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी तुमच्या हातून कायमची नाहीशी होते, आणि तुमच्या बहिणीचा शोध त्याच दिवशी बंद होतो. वडील "ती नाही" म्हणताहेत ते वेडेपणानं म्हणताहेत असं समजू नका. पुरावा येईपर्यंत तसं म्हणायचा बापाला पूर्ण हक्क आहे.

शवागारात फार दिवस ठेवता येत नाही असं सांगितलं जाईल, आणि लहान गावच्या रुग्णालयात ते खरंही असतं. मग लेखी अर्ज द्या की मृतदेह दहन न करता दफन करावा आणि जागेची खूण व नोंद ठेवावी. पुढे गरज पडली तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं बाहेर काढता येतो. हा अर्ज आजच द्या, कारण बेवारस म्हणून विल्हेवाट लावायला फार दिवस थांबत नाहीत.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो ते. आमचा सगळ्यात जास्त वेळ कुणी खाल्ला? प्रयोगशाळेनं नाही. दोन पोलीस ठाण्यांमधल्या रस्त्यानं.

झालं असं. मिसिंग आमच्या ठाण्यात, अवशेष दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्याच्या हद्दीत, एका बंद खाणीच्या कडेला. तिकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली. म्हणजे पूर्वीचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. पोस्टमॉर्टेमच्या वेळी डॉक्टरांनी हाड आणि दोन दाढा बरणीत घालून, सील करून पोलिसांच्या ताब्यात दिल्या. इकडे आमचं रक्त सिव्हिलमध्ये घेतलं. जांभळ्या बुचाची छोटी नळी, सोबत फॉर्म, त्यावर रक्त देणाऱ्याचा फोटो, फोटोवर अर्धा येईल असा डॉक्टरांचा शिक्का, अंगठा, दोन साक्षीदार. हवालदारानं बर्फाच्या थर्मासमध्ये नळ्या घातल्या आणि एसटीनं निघाला. आम्हाला वाटलं, आता फक्त रिपोर्टची वाट पाहायची.

ती बरणी मात्र त्या दुसऱ्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तशीच पडून होती. पाठवायला पत्र हवं, पत्रावर साहेबांची सही हवी, साहेबांची बदली झालेली, नव्या साहेबांचं म्हणणं की मिसिंगवाल्या ठाण्यानं आधी मागणी करावी. आमच्या ठाण्याचं म्हणणं की अवशेष त्यांच्याकडे आहेत, त्यांनी पाठवावेत. प्रयोगशाळेत आमचं रक्त पोचलं, पण जुळवायला समोर काहीच नाही. त्यांनी रीतसर त्रुटीपत्र पाठवलं की तुलनेसाठीचा मुद्देमाल प्राप्त नाही. ते पत्र ठाण्यात आलं आणि फायलीला लागलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही दर वेळी विचारायचो, उत्तर एकच: "रिपोर्ट यायचाय." महिने गेले. जो रिपोर्ट येणारच नव्हता त्याची वाट पाहत माझी बहीण रोज फोनजवळ बसायची. त्या ठाण्याचं नाव मी घेणार नाही, पण याबद्दलचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

दरम्यान काय गेलं ते सांगतो, कारण तुमचं ते अजून वाचू शकतं. ओळख नाही म्हणून खून झाला कुणाचा हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही म्हणून तपास पुढे सरकत नाही. स्टँड, पेट्रोल पंप, लॉज, टोलनाका इथलं सीसीटीव्ही काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. आमचं पुसलं गेलं. मोबाईल कंपन्यांना कॉल रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावे लागतात, ते मागाहूनही मिळतात. म्हणून आज धावपळ करायचीच असेल तर फुटेज जपून ठेवण्याचं पत्र पोलिसांकडून त्या त्या ठिकाणी जाईल यासाठी करा.

आणि हे फक्त आमच्यासारख्या अनोळखी घरातच होतं असं नाही. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातलं गागोदे खुर्द आठवा. तिथल्या जंगलात मे २०१२ मध्ये जळालेले अवशेष सापडले, नमुने जे. जे. रुग्णालयात गेले, पण गुन्हा नोंदला नाही. ते मुंबईतून नाहीशी झालेल्या शीना बोरा या तरुणीचे असल्याचं पोलिसांनी सांगितलं ते थेट ऑगस्ट २०१५ मध्ये, तेही दुसऱ्याच प्रकरणात एकाला अटक झाल्यावर. पुढे २०२४ मध्ये हाडं सापडत नाहीत असं न्यायालयात सांगितलं गेलं, आणि मग ती सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात निघाली. आरोपींबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. देशभर गाजलेल्या प्रकरणात हाडांच्या पिशवीचं हे होतं, तर आपल्या बरणीचं काय होईल ते बघा.

तेव्हा दोन्ही ठाण्यांत जा आणि फक्त क्रमांक मागा. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक. मुद्देमाल पावती क्रमांक. नमुना पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. प्रयोगशाळेनं घेतल्याची पोच आणि तिथला प्रकरण क्रमांक. "पाठवलाय" हे उत्तर धरू नका, क्रमांक धरा. दोन्ही नमुने, हाडाचा आणि रक्ताचा, एकाच प्रयोगशाळेत आणि एकमेकांच्या संदर्भासह गेलेत का, हे पत्रावर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दाखवत नसतील तर दोन्ही जिल्ह्यांच्या एसपींना एकच अर्ज, प्रत परिक्षेत्राच्या आयजींना. त्यात जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख करा: डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, आणि उशीर झाला तर कारण नोंदवायचं. अकस्मात मृत्यूला तो लागू नाही असा वाद घालतील कदाचित. घालू द्या. लेखी घालायला लावा.

रक्त कुणाचं द्यायचं? आई आणि वडील दोघांचं, शक्य असेल तर. एकट्या भावाच्या नमुन्यावरून निष्कर्ष कमकुवत येतो, म्हणून "तुम्हीच द्या, आईला कशाला त्रास" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जळालेल्या हाडात नेहमीचा डीएनए तुटलेला असेल तर मायटोकाँड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची, तपासणी करतात. ती आईच्या बाजूनं चालते, त्यामुळे आई, आईची आई, मावशी, सख्खा मामा कुणीही चालतो. माझं रक्त त्यासाठीच घेतलं होतं. मात्र तीवरून फक्त आईकडचं नातं कळतं, नेमकी व्यक्ती ठरत नाही. रक्त देणाऱ्याला अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा कधी बोनमॅरो बदललं असेल तर फॉर्मवर सांगा. आणि एक नाजूक गोष्ट. मूल दत्तक असेल किंवा घरात असं काही असेल जे बोललं जात नाही, तर ते डॉक्टरांना एकट्यात सांगा. नाहीतर "जुळत नाही" असा रिपोर्ट येईल आणि खरी मुलगी बेवारस राहील.

हाडांबद्दल थोडं, कारण "जळालंय, आता काय मिळणार" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकवलं जाईल. पेट्रोल टाकून उघड्यावर जाळलेलं शरीर सगळीकडे सारखं जळत नाही. हाड तपकिरी किंवा काळं असेल तर आशा असते. राखाडी, पांढरं, खडूसारखं भुसभुशीत झालेलं असेल तर त्यातून डीएनए क्वचितच मिळतो. पुढचे दात आधी तडकतात, पण दाढा गाल आणि जिभेच्या आड वाचतात. मांडीचं हाड जाड असतं. कानाच्या आतल्या बाजूचं कवटीचं हाड शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी. डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका, पण दाढा आणि मांडीचं हाड राखून ठेवलंय का, एवढं नक्की विचारा.

दुसरा प्रश्न एक्स-रेचा. दिल्लीत १९९५ मध्ये नैना साहनीचं शरीर तंदूरमध्ये जाळलं गेलं. पहिल्या पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूचं कारण भाजणं असं आलं. दुसऱ्या वेळी एक्स-रे काढल्यावर गोळ्या दिसल्या. ओळखीसाठी आईवडिलांच्या रक्ताशी डीएनए जुळवला तो हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेनं. तेव्हा अख्ख्या शरीराचा एक्स-रे झालाय का, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

बहिणीच्या दातांना तार लावली होती का कधी? असेल तर आजच त्या डेंटिस्टकडे जा. तार लावण्याआधी दातांचा प्लास्टरचा साचा घेतात आणि जबड्याचा एक्स-रे काढतात. भाचीचा साचा दवाखान्याच्या माळ्यावर बुटाच्या खोक्यात होता, वर मार्करनं तिचं नाव आणि वर्ष, खालच्या ओळीतला एक दात थोडा आडवा, जसा तिचा होता तसाच. असे साचे काही वर्षांनी टाकून देतात, म्हणून घाई करा. हॉस्टेलच्या खोलीतलं सामान आवरू नका. ब्रश, कंगवा, न धुतलेले कपडे वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. आणि पोलिसांकडे देताना पावती घ्या.

"आधारवरून बोटांचे ठसे जुळवा" असं दोघा-तिघांनी तुम्हाला सुचवलंय. आधार कायद्याच्या कलम २९ नं ते ठसे कुणालाच देता येत नाहीत, पोलिसांनाही नाही. त्यात वेळ घालवू नका. सगळ्या देशाचा बेपत्तांचा डीएनए एकत्र असेल असंही धरून चालू नका. २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतांची वेगळी यादी करायची तरतूद होती. ते विधेयक २०२३ च्या जुलैमध्ये मागे घेतलं. दोन जिल्ह्यांतल्या दोन फायली एकमेकींना आपोआप भेटत नाहीत, भेटवाव्या लागतात. आणि बहीण अठराच्या आतली असती तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागला असता. एकोणिसावं लागलं म्हणून ती नुसती रजिस्टरमधली नोंद झाली, हे मला आजही पटत नाही. घातपाताचा संशय आहे असा स्पष्ट लेखी अर्ज देऊन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा नोंदवायची मागणी करा.

खाजगी लॅबमध्ये परस्पर तपासणी करावी का? माझं मत नाही. सील, पंच, ताबा यांची साखळी नसेल तर न्यायालयात टिकत नाही. पण सरकारी रिपोर्टवर शंका असेल तर दुसऱ्या सरकारी प्रयोगशाळेची मागणी जरूर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेक्सिकोत सप्टेंबर २०१४ मध्ये इग्वाला शहरातून अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. सरकारनं सांगितलं की कोकुलाच्या कचरा डेपोत सगळ्यांना जाळलं, विषय संपला. पालकांनी ते मानलं नाही. त्यांच्या विश्वासातल्या अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनी सांगितलं की तिथला पुरावा एवढ्या मोठ्या जाळण्याला आधार देत नाही. अवशेष ऑस्ट्रियात इन्सब्रुकला गेले. ठामपणे ओळख पटली ती फक्त तिघांची, आणि त्यातल्या दोघांची हाडं डेपोत नव्हे, दुसऱ्याच एका घळीत मिळाली होती. त्या आईबापांनी पहिल्याच दिवशी सही केली असती तर?

बेपत्ताच्या पोस्टरवर घरचा नंबर टाकला असेल तर "मुलगी आमच्याकडे आहे, पैसे पाठवा" असे फोन येतील. एक रुपयाही पाठवू नका, नंबर पोलिसांना द्या. मृतदेहाचे फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. आईला ते एकदा दिसले की रिपोर्ट काहीही येवो, ते चित्र जात नाही. ओळखीसाठी घरातल्या एकाच माणसानं जावं.

आमचा रिपोर्ट शेवटी जुळला. तुमचाही जुळेल असं मी म्हणत नाही, न जुळो हीच इच्छा आहे. पण उद्या सकाळी आधी त्या दुसऱ्या ठाण्यात जा, मुद्देमाल कारकुनाला भेटा आणि बरणी कुठं आहे ते विचारा. अर्जाचा मसुदा करून मला निरोपात पाठवा, रात्री उशिरा पाठवलात तरी बघतो.