आधी सावली बघायला शिक

भाऊ, सिनेमात प्रकाशयोजना करायची म्हणून पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, सिनेमॅटोग्राफीला (कॅमेरा आणि प्रकाशाच्या अभ्यासाला) जायचं तर आधी पदवी पूर्ण कर. तोवर जळगावात बसून काय करू, हा तुझा खरा प्रश्न.

सकाळी आठला केळीच्या बागेत जा आणि पानाआडून येणारं ऊन चेहऱ्यावर कसं पडतं ते बघ. मग भर दुपारी मित्राला उघड्यावर उभा कर. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतील. शेजारी थर्माकोलची पांढरी शीट धर, चेहरा उजळेल. शीट मागे ने. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो. थर्माकोलवरून येणारा उजेड इतका झपाट्याने कमी होत नाही. का, ते स्वतः शोध.

रंगही ओळख. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: टंगस्टन, म्हणजे तारेचा पिवळसर दिवा, साधारण ३२०० केल्विन, दिवसाचा उजेड ५६००. खिडकीजवळ पिवळा बल्ब लावून फोटो काढ, दोन रंगांचं भांडण दिसेल.

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना प्रकाशयोजनेत हातभार लाव, चहा आणावा लागला तरी. फक्त रंगमंचाची सवय कॅमेऱ्यापुढे जशीच्या तशी नेऊ नकोस. कॅमेऱ्याला डोळ्याइतकी गडद सावली पचत नाही.

आणि वीज! एक किलोवॅटचा दिवा २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. पंधराच्या सॉकेटवर तीन, बस. मी एका लग्नाच्या शूटिंगला चौथा लावला होता. ऐन सप्तपदीत मांडवात अंधार, आणि नवरीचे मामा माझ्याकडे बघताहेत.

मुंबईला गेलास तर थेट लाइटिंग डिझायनर म्हणून कुणी उभं करणार नाही. लाइटमनबरोबर केबल ओढ, गॅफरचं, म्हणजे दिव्यांच्या टीमच्या प्रमुखाचं, ऐक.