चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर पावसाळ्यात धबधब्यावर जाऊ द्यावं का? आम्ही वाळपईला राहतो.

जाऊ द्या, पण जुलैत नको, आणि नुसत्या मित्रांच्या टोळीबरोबर तर नकोच.

गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांतले धबधबे वरच्या डोंगरातल्या पावसावर फुगतात. खाली ऊन असतानाही पाणी बघता बघता चढतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की पिशव्या तिथेच टाकून काठ चढायचा, हे त्याला आधी पक्कं शिकवा. शेवाळलेला कातळ आणि खोली न बघता मारलेली उडी, मला खरी धास्ती या दोन गोष्टींची. 2023 च्या जुलैत मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती, तेव्हा निघण्याआधी प्रवेश चालू आहे का विचारा. दूधसागरला रुळांवरून चालत जाणं तर बेकायदाच. रीलसाठी जातात, दुसरं काय!

सरसकट नाही म्हणालात तर तो न सांगता जाईल. त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर, पोहता येत असेल तर, वाट माहीत असलेल्या मोठ्या माणसाबरोबर पाठवा. परतायची वेळ ठरवून घ्या. जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.